गोव्यात रेरा एजंट म्हणून नोंदणी : सल्ला हवा आहे

मांद्रेवासी :
नमस्कार मंडळी. मोपा विमानतळ सुरू झाल्यापासून आमच्या पेडणे तालुक्यात जमिनी आणि फ्लॅटची चौकशी बरीच वाढली आहे. मी सध्या ओळखीच्या लोकांची घरे भाड्याने लावून देतो. आता एका बिल्डरने नव्या प्रकल्पातील फ्लॅट विकून देण्याविषयी विचारले आहे. माझ्या सावंतवाडीच्या मावसभावाकडे महारेराची (महाराष्ट्राच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाची) नोंदणी असून, तिच्यावरच काम भागवावे असे या बिल्डरचे म्हणणे आहे. हे चालते का? नसेल, तर नोंदणी कशी करावी आणि ती टिकवण्यासाठी पुढे काय सांभाळावे लागते?

साखळीकर :
चालत नाही. स्थावर संपदा कायदा, 2016 (रेरा) मधील कलम 9 नुसार एजंटाची नोंदणी त्या त्या राज्यापुरती असते, त्यामुळे बांद्याच्या अलीकडे पत्रादेवीला आलात की महारेराचा क्रमांक उपयोगाचा नाही. गोव्यातील प्रकल्पासाठी गोवा रेराचीच नोंदणी हवी, आणि ती भावाच्या नव्हे, तुमच्या नावावर. नोंदणीविना व्यवहार जुळवल्यास कलम 62 खाली दिवसाला 10,000 रुपये दंड होऊ शकतो आणि तो वाढत वाढत त्या सदनिकेच्या किमतीच्या 5 टक्क्यांपर्यंत जातो. हा दंड बिल्डर भरणार नाही, एजंटच भरतो.

तुमचे भाड्याचे काम मात्र या कायद्यात येत नाही; कलम 9 हे नोंदणीकृत प्रकल्पातील, प्रवर्तकाकडून (म्हणजे बिल्डरकडून) होणाऱ्या विक्रीविषयी आहे.

अर्ज गोवा रेराच्या संकेतस्थळावर करता येतो. पॅन, पत्त्याचा पुरावा, छायाचित्र आणि प्राप्तिकर विवरणपत्रे आधीच स्कॅन करून ठेवावीत. लेटरहेड आणि शिक्का ज्या नावाचा, त्याच नावाने अर्ज करावा. व्यवसायाचे नाव एक आणि पॅनवरचे दुसरे असले, की विनाकारण पत्रव्यवहार वाढतो. नोंदणी पाच वर्षे चालते आणि मुदत संपण्यापूर्वीच नूतनीकरणाचा अर्ज करावा लागतो.

नोंदणी मिळवणे हे एकंदरीत सोपे काम आहे. ती टिकवणे कलम 10 वर अवलंबून असते. ज्या प्रकल्पाला रेरा क्रमांक नाही, त्यातील सदनिका विकून देता येत नाही. भूखंड 500 चौरस मीटरपर्यंतचा किंवा सदनिका आठपर्यंत असतील तर प्रकल्पाला सूट आहे, पण ‘सूट आहे’ हे बिल्डरने तोंडी सांगितलेले धरू नये, मंजूर नकाशा मागून स्वतः मोजावे. नसलेली परवानगी आहे असे जाहिरातीत लिहिणे ही अनुचित प्रथा ठरते, आणि त्यावरून नोंदणी रद्दही होते. प्रत्येक विक्रीत आपला क्रमांक नमूद करणे आणि हिशेबाच्या वह्या ठेवणे हे तर आलेच.

ग्राहकाला सदनिकेच्या बुकिंगच्या वेळी सर्व कागद मिळवून देणे हेही एजंटाचे कर्तव्य आहे, आणि आपल्या गोव्यात खरी मेहनत इथेच आहे. एक-चौदाचा उतारा (गोव्यातील जमिनीच्या हक्कांची नोंद) पाहताना केवळ कब्जेदाराचे नाव वाचून थांबू नये. कुळाचा रकाना आणि ‘इतर हक्क’ वाचावेत, जागेवर जाऊन मुंडकाराचे (भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचे) घर आहे का ते पाहावे. रूपांतराची (जमीन बिगरशेती केल्याची) सनद किती क्षेत्राची आहे आणि बांधकाम किती क्षेत्रावर आहे, हे जुळवावे. वडिलोपार्जित जमीन असेल तर इन्व्हेंटरी (वारसांत मालमत्ता वाटण्याची कायदेशीर प्रक्रिया) पूर्ण झाली आहे का, आणि विक्रीखतावर पती-पत्नी दोघांच्याही सह्या आहेत का, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण आपल्याकडच्या नागरी कायद्यात सर्वसाधारणपणे मालमत्ता दोघांची सामाईक असते. भातशेतीच्या जमिनीचे प्रस्ताव तर सरळ परत करावेत. 2023 च्या कायद्याने ती शेतकरी नसलेल्याला विकण्यावर निर्बंध आहेत.

फोंड्याची लेखापाल :
साखळीकरांनी कायद्याची बाजू सांगितली, मी हिशेबाची सांगते. दलाली 20 लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी घ्यावी लागते आणि दलालीवर 18 टक्के कर लागतो. 20 लाखांची वार्षिक उलाढाल असलेले एजंट मनी लाँड्रिंगविरोधी कायद्याच्या कक्षेतही येतात, ग्राहकाची ओळख तपासून नोंदी जपाव्या लागतात. हे पुष्कळ एजंटांना ठाऊकच नसते. बिल्डर दलालीतून टीडीएस कापतो, तो तुमच्या विवरणपत्रात दिसतो आहे ना, एवढे पाहत जा.

मांद्रेवासी :
दोघांचेही आभार. एक शंका उरली. हा बिल्डर म्हणतो की टोकन रक्कम ग्राहकाकडून रोखीने घेऊन माझ्याकडेच ठेवावी आणि करार झाल्यावर द्यावी. हे योग्य आहे का?

फोंड्याची लेखापाल :
दादा, मुळीच घेऊ नका. मालमत्तेच्या व्यवहारात 20,000 रुपये किंवा त्याहून अधिक आगाऊ रक्कम रोखीने घेण्यास प्राप्तिकर कायद्यात मनाई आहे, आणि दंड घेतलेल्या रकमेएवढाच होतो.

साखळीकर :
शिवाय नोंदणीकृत करारापूर्वी किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा अधिक रक्कम बिल्डरलाही घेता येत नाही, आणि प्रकल्पात जमा झालेल्या पैशांतील 70 टक्के वेगळ्या बँक खात्यात ठेवावे लागतात. त्यामुळे धनादेश थेट प्रकल्पाच्या खात्याच्या नावाने घ्या, पावती बिल्डरच्या लेटरहेडवर मागा आणि तिच्यावर प्रकल्पाचा रेरा क्रमांक आहे का ते तिथेच पाहा. तेवढे लिहून देण्यास तो टाळाटाळ करत असेल, तर हा प्रकल्प सोडा. पेडण्यात सध्या कामाला तोटा नाही.