आत्याला डिमेंशिया, वृद्धाश्रमात केस कापले, हे चालतं का?

रामबागकर (इंदूर): आत्या ७८ ची, सरकारी अनुदानावर चालणाऱ्या आश्रमात आहे, रविवारी भेटायला गेलो तर केस बारीक कापलेले आणि तिचं नऊवारी काढून सगळ्यांसारखा गाऊन, दुपारी मनगट पलंगाला ओढणीनं बांधतात म्हणे, कारण ती "राजवाड्याला जायचंय" म्हणत दाराकडे जाते. काय करू?

सुदामानगरची ताई: बांधणं चुकीचंच दादा! मानसिक आरोग्य कायदा २०१७ मधे आजाराच्या व्याख्येत स्मृतीचा विकारही येतो, कलम २० मधे स्वच्छता, खाजगीपणा, स्वतःचे कपडे, जबरदस्तीनं मुंडन न करणं हे सगळं आहे. अशा आजाराच्या लोकांना ठेवून सांभाळणाऱ्या संस्थेला तो लागू होतो, त्यामुळे ह्या आश्रमाची नोंदणी कशाखाली आहे ते आधी विचारा.

नातू_इंदूर: कलम ९७ पण वाचा, तिला किंवा दुसऱ्याला लगेच इजा होण्याचा धोका टाळायला दुसरा उपायच नसेल तेव्हाच, तेही मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीनं आणि नोंद करूनच बांधता येतं. ती नोंद मागा. एल्डरलाइन (ज्येष्ठांची मदतवाहिनी) १४५६७ फुकट आहे, फोन करा, आणि लेखी अर्ज देऊन पोच घ्याच.

रामबागकर: उद्याच जातो. नऊवारी घेऊन.