सिग्नल केबिन वाचवायची म्हणजे नेमकं काय वाचवायचं?

खालचा मजला: इंग्लंडमध्ये २०१३ साली २६ सिग्नल केबिनी (लिव्हर ओढून सांधे आणि सिग्नल चालवायच्या रेल्वेच्या दुमजली खोल्या) एकदम वारसा यादीत गेल्या. चांगलंच झालं. पण आडगावच्या केबिनी 'वाचवतात' म्हणजे बहुतेकदा लिव्हर फ्रेम (लिव्हरांची रांग बसवलेला सांगाडा) उपटून वर चहाची टेबलं मांडतात. माझं मत स्पष्ट आहे: खालच्या खोलीतलं लॉकिंग, म्हणजे चुकीचा लिव्हर अडवणारी यंत्रणा, गेलं की उरतो नुसता काचेचा माळा. सांधे (गाडीला रूळ बदलून देणारे जोड) आणि सिग्नल एकमेकांत अडकवण्याचं, म्हणजे इंटरलॉकिंगचं, पेटंट जॉन सॅक्सबीने १८५६ मध्ये घेतलं. १८८९ मध्ये आयर्लंडमधल्या आर्माचा रेल्वे अपघात झाला आणि त्याच वर्षीच्या ब्रिटिश कायद्याने प्रवासी मार्गांवर इंटरलॉकिंग सक्तीचं झालं. वर लिव्हर, खाली त्यांना अडवणाऱ्या, खाचा पाडलेल्या टॅपेट पट्ट्या. काळा लिव्हर ओढून सांधा लागला, निळ्याने त्याला कुलूप बसलं, की मगच सिग्नलचा लाल लिव्हर सुटतो. हे चालताना दिसत नसेल तर जतन कसलं?

तळतुळई: असहमत. माळा 'नुसता' नाही हो. शेवटच्या डब्यामागचा दिवा (टेललॅम्प) डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मागच्या केबिनला 'गाडी निघाली'ची २-१ घंटा (दोन ठोके, मग एक) द्यायची नाही, हा नियम. तीन बाजूंच्या काचा त्यासाठी आहेत. आणि इमारतच पडली तर तुमचं लॉकिंग ठेवणार कुठे? इंग्लंडमधल्या जुन्या मिडलँड रेल्वेच्या लाकडी केबिनी सुट्या भागांत बनवून जागेवर बोल्टने जोडत. त्या सडतात तळाच्या आडव्या तुळईपाशी, कारण दर वेळी रूळ उचलून खडी भरली की पातळी चढते आणि तुळई गाडली जाते. आधी ती खडी उपसा, पाण्याला वाट द्या, कुजलेला तुकडा कापून नवा जोडा. जागेवर जमत नसेल तर बोल्ट सोडून केबिन खुशाल हलवा.

रॉडिंग: हलवा म्हणणं सोपं. केबिन भिंतीपाशी संपत नाही. केबिनपासून सांध्यापर्यंत जाणारा ३०० मीटर पोलादी रॉड ३० अंशांच्या फरकाने सुमारे ११ सेंमी लांबतो. सांध्याची जीभ (सरकणारा रूळ) सरकते तीही साधारण तेवढीच! म्हणून मध्ये कॉम्पेन्सेटर: अर्धा रॉड ढकलतो, अर्धा ओढतो, वाढ वजा होते. सिग्नलच्या तारेला ही सोय नाही, तिचा ताण केबिनमधूनच जुळवत बसायचं. उन्हात तार सैलावली की लिव्हर पूर्ण ओढूनही सिग्नलचा हात अर्धवटच हलतो. केबिन दुसरीकडे नेली की हे सगळं मागेच राहतं.

तळतुळई: तारा तर हाताच्या सिग्नलांजागी रंगीत दिवे आले तेव्हाच गेल्या. काही लिव्हरांच्या मुठी आखूड कापलेल्या दिसतात ना? पुढे विजेचं काम आहे, जोर लावू नका, एवढंच सांगायला. त्या फ्रेमला तुम्ही अपुरी म्हणणार का?

खालचा मजला: नाही म्हणणार, लॉकिंग शाबूत आहे तोवर. हलवायचीच तर टॅपेटना क्रमांक ठोका, लॉकिंगचा तक्ता सोबत न्या, आणि जोडल्यावर प्रत्येक लिव्हर उलट क्रमानेही ओढून बघा. जो सुटायला नको तो सुटला, तर जोडणी चुकली.