मदत हवी आहे: दाराची मूठ फिरते ते दृश्य गुणात धरू की दोषात? ('द वॉकिंग डेड', पहिला भाग)

नमस्कार मंडळी. मी बेळगावची, टिळकवाडीत राहते. आमचा आठ-दहा जणांचा गट आहे. महिन्यातून एका रविवारी जमतो आणि एखाद्या मालिकेच्या एकाच भागावर बोलतो. निम्म्यांच्या घरी कन्नड चालतं, पण बोलायचं मराठीत असं ठरलंय. यावेळी पाळी माझी आहे आणि भाग आहे 'द वॉकिंग डेड'चा पहिला, 'डेज गॉन बाय'. मेलेली माणसं उठून चालायला लागतात आणि जिवंतांवर धावतात, अशी ही मालिका. लेखन-दिग्दर्शन फ्रँक डॅराबाँटचं, ३१ ऑक्टोबर २०१० ला एएमसी वाहिनीवर दाखवलेला. दहा मिनिटांत गुण-दोष सांगायचे आहेत. दोष लिहून झाले, गुणापाशी अडकलेय. पुढं कथानक उघड केलंय, ज्यांना भाग बघायचाय त्यांनी इथंच थांबावं.

दोष आधी सांगते. रिक ग्राइम्स गोळी लागून बेशुद्ध पडतो. जागा होतो तेव्हा उशाशी फुलं वाळलेली, घड्याळ बंद, दवाखान्यात चिटपाखरू नाही. इतके दिवस सलाईन बदलायला कुणी नसताना माणूस जगला कसा? माझी बहीण नर्स आहे, तिला हे अजिबात पटलं नाही. त्याहून मला खुपलं ते बायकांचं. सुरुवातीला रिक आणि त्याचा पोलीस सहकारी शेन गाडीत बसून बायका दिवे कसे बंद करत नाहीत यावर बोलतात, आणि रिकची बायको लोरी नंतर आपल्याला दिसते ती थेट शेनबरोबर. तिला काय वाटतं हे तासाभराहून मोठ्या भागात कुठंच येत नाही. शिवाय पेट्रोल पंपावरची टेडी उचलणारी मुलगी, जी मेलेल्यांतलीच आहे, अगदी सुरुवातीलाच दाखवून टाकलीय. त्यामुळं दवाखान्यात रिक अंधारात चाचपडतो तेव्हा त्याला काही ठाऊक नसतं, आपल्याला मात्र सगळं ठाऊक असतं. त्याच्याबरोबर घाबरायची संधी गेली.

आता ते दृश्य. मॉर्गन आणि त्याचा मुलगा डुएन एका सोडलेल्या घरात लपलेत, रिकला त्यांनी आत घेतलंय. रात्री मेलेले रस्त्यावर जमतात आणि त्यांत डुएनची आई असते. ती पायऱ्या चढून दारापाशी येते. रिक दाराच्या भिंगातून बघत असतो आणि मूठ फिरायला लागते. हळू, इकडं-तिकडं. दुसऱ्या दिवशी मॉर्गन माडीवर बंदूक घेऊन बसतो. बाकीच्यांना टिपतो. ती समोर येते, नेम धरतो, आणि त्याच्यानं होत नाही. त्याच वेळी तिकडं रिक बागेत आधी दिसलेल्या, अर्ध्या देहानं सरपटणाऱ्या मेलेल्या बाईला शोधत परत जातो, तिची क्षमा मागतो आणि गोळी घालतो. एकाला अनोळखी बाईला सोडवता येतं, दुसऱ्याला स्वतःच्या बायकोला येत नाही. ही दोन दृश्यं एकमेकांत गुंफलीत.

माझी अडचण अशी. माझी आजी शेवटची तीन वर्षं आम्हा कुणाला ओळखत नव्हती. बाबांना "तुम्ही कुठल्या गावचे?" म्हणून विचारायची. पण पहाटे चारला उठून दाराशी जायची आणि कडीला हात घालायची. खानापूरकडच्या जुन्या घरी ती त्या वेळेला गोठ्यात जात असे. इथं गोठा नाही, म्हैस नाही, आणि कडीही वेगळी. तरी हात बरोबर कडीवर. मग बाबांनी वर, तिचा हात पोचणार नाही अशा जागी दुसरी कडी बसवली. खालची कडी खुडखुड वाजत राहायची आणि आम्ही अंथरुणात जागे असायचो. ती मूठ फिरताना मला तोच आवाज आला. मी भाग थांबवला आणि त्या रात्री पुढं बघितला नाही.

मग हा त्या भागाचा गुण म्हणायचा की माझ्या घराचा? आमच्या गटातले ज्येष्ठ सर म्हणतात, रडू आलं हे सांगणं म्हणजे परीक्षण नव्हे. ते मला पटतं. त्यांचा दुसरा आक्षेप आणखी जड आहे. याच पहिल्या पर्वाच्या शेवटच्या भागात शास्त्रज्ञ जेनर मेंदूची चित्रं दाखवून सांगतो की फक्त तळचा भाग परत चालू होतो, माणूसपण, आठवण काही उरत नाही. पुढं मालिका तोच नियम धरून चालते. मग आठवण नसेल तर ती आपल्याच माणसांच्या दाराशी का येते? सरांच्या मते ही सरळ चूक आहे, पहिल्या भागात नियम ठरलेच नव्हते.

आणखी एक, शब्दाचा प्रश्न. मालिकेत त्यांना 'वॉकर' म्हणतात. मराठीत काय म्हणू? 'झोंबी' म्हटलं की आमच्याकडं कुस्ती डोळ्यांसमोर येते. 'भूत' नाही, देह तर समोर आहे. वेताळ आमच्या भागात देव आहे, त्याला यात ओढवत नाही. शेजारच्या अक्का 'देव्व' म्हणाल्या, पण तेही भूतच झालं.

कुणी हा भाग नीट बघितला असेल तर सांगा. आगाऊ आभार.

प्रतिसाद (निपाणी)
ताई, मूठ बाजूला ठेवा आणि त्याच्या आधीचं बगा. डुएन रडायला लागतो तेव्हा मॉर्गन त्याला उशीत तोंड खुपसून रडायला सांगतो, आणि वर 'आठवतंय ना' असं म्हणतो. म्हणजे ही पहिली रात्र नव्हे. आई याआधीही आलीय, पोराला आवाज न करता रडायचं शिकवून झालंय. एका वाक्यात मागचे सगळे दिवस सांगितले. याला आजी लागत नाही, कुणालाही दाखवता येतं. हा गुण बिनधास्त मांडा.

प्रतिसाद (खानापूर)
सरांच्या आक्षेपाबद्दल. चूक मालिकेची आहे, भागाची नाही. पहिल्या भागात नियम सांगितलेला नाही, तो पाच भागांनंतर आला. या भागापुरतं बघितलं तर टेडी उचलणारी मुलगी आणि मूठ फिरवणारी आई एकाच जातीची आहेत, दोघींच्या हाताला काहीतरी आठवतंय. ते सुसंगत आहे. २०२२ मध्ये संपलेल्या अकराव्या पर्वात दार उघडणारे, वर चढणारे मेलेले परत आणावे लागले, म्हणजे करणाऱ्यांनाही ते सोडवेना. आणि दारं मोजा. दवाखान्यातलं साखळी लावलेलं दार, त्यावर रंगवलेली ताकीद आणि फटीतून येणारी बोटं. मग मॉर्गनचं दार. शेवटी अटलांटात रणगाड्याचं झाकण, जे रिक आतून ओढून घेतो. सगळा भाग दाराच्या या बाजूला कोण आणि त्या बाजूला कोण यावरच उभा आहे.

शब्दाबद्दल: आमच्या गावात 'उठलेलं मढं' म्हणतील. 'मढी' म्हणा, ऐकणाऱ्याला कळेल.

धागाकर्तीचं उत्तर
दोघांचेही मनापासून आभार. उशीचं वाक्य माझ्याकडून निसटलंच होतं. काल रात्री परत बघितलं, आईला शेजारी बसवून. तिला इंग्रजी येत नाही, म्हणून मी अर्थ सांगत होते. मॉर्गन रिकला सांगतो की मी जगायला लागणारं सामान बांधत होतो आणि ती फोटोंचे अल्बम घेत होती, तिथं आई म्हणाली, "बाई तेच घेणार की." मूठ फिरली तेव्हा काहीच बोलली नाही. थोड्या वेळानं उठून दाराशी गेली आणि वरची कडी काढली. आजी जाऊन दोन वर्षं झाली, ती रोज लावतच होतो.

'मढी' हा शब्द वापरणार आहे. दारांचं खानापूरच्या दादांच्या नावावर सांगेन. लोरीबद्दलचा दोष मात्र तसाच ठेवतेय, त्यावर कुणी काही बोललं नाही. ज्यांना तो दोष वाटत नाही त्यांनी रविवारच्या आत लिहा.