स्थिर वीजदर घ्यावा की बदलता?

प्रश्न: आमचा वीजपुरवठ्याचा करार लवकरच संपत असून, कंपनीने वर्षभरासाठी देऊ केलेला स्थिर दर सध्याच्या बदलत्या दरापेक्षा 8 टक्क्यांनी अधिक आहे. तो स्वीकारावा का?

उत्तर 1: प्रथम हे लक्षात घ्यावे की स्थिर राहतो तो प्रति युनिट दर, एकूण बिल नव्हे. बदलता दर वर्षभरात सरासरी 8 टक्क्यांहून अधिक वाढला तरच आपला फायदा होईल. मात्र ही सरासरी आपल्या वापराच्या प्रमाणात काढावी, कारण ज्या महिन्यांत वापर सर्वाधिक असतो, त्या महिन्यांतील दरच बिलावर खरा परिणाम करतो. मासिक स्थिर आकारही दोन्हीकडे तपासावा.

उत्तर 2: 2022 मध्ये युरोपात नैसर्गिक वायूचे व त्यामागोमाग विजेचे दर कडाडले, तेव्हा आधीच दर बांधून घेतलेली कुटुंबे बचावली, चढ्या भावात करार करणारे मात्र पुढे दर उतरल्यावरही अडकले. म्हणून करार मुदतीपूर्वी मोडण्याचे शुल्क किती आहे, हे मी सर्वांत आधी पाहीन.

प्रश्नकर्ता: आमचे उत्पन्न मर्यादित आहे आणि अचानक दरवाढ झेपणार नाही. मोडण्याचे शुल्क अल्प असल्यास स्थिर दरच घेईन. मनःपूर्वक आभार.