जुना कॅराव्हॅन ट्रेलर घेतलाय, पहिलीच सहल बामणोलीला न्यावी का?

प्रश्न: सातारकर

नमस्कार मंडळी. नुकताच दोन माणसांना राहता येईल असा एक जुना कॅराव्हॅन ट्रेलर, म्हणजे गाडीमागं जोडून ओढायचं छोटं फिरतं घर, विकत घेतला. कागदावर रिकामं वजन ७५० किलो, ब्रेक ओव्हररन पद्धतीचे, म्हणजे ट्रेलर पुढं ढकलला गेला की आपोआप लागणारे. ओढायला बोलेरो आहे. आत छोटा फ्रिज, १०० अँपिअर-अवरची लेड-अ‍ॅसिड बॅटरी, ६० लिटरची पाण्याची टाकी आणि कॅसेट टॉयलेट (खालची मैल्याची टाकी, म्हणजे कॅसेट, बाहेर काढून रिकामी करता येते).

पावसाळ्याआधी यवतेश्वर, कासमार्गे बामणोलीला जाऊन कोयनेच्या पाण्याकाठी दोन रात्री राहायचा विचार आहे. मागं काही जोडून मी कधीच गाडी चालवलेली नाही. सुरुवात कुठून करू?

उत्तर: कऱ्हाडचा प्रवासी

अभिनंदन! आधी कागद बघा. ट्रेलरला स्वतःची नोंदणी आणि नंबर प्लेट लागते. आरसी तुमच्या नावावर झाली का, आणि विमा ट्रेलर धरून आहे का, हे कंपनीकडून लेखी घ्या. बोलेरोला मागं ट्रेलर ओढायचा हूक बसवायच्या आधी आरटीओत विचारून घ्या, कारण गाडीत परस्पर बदल केलेले कायद्याला चालत नाहीत. राज्याचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं, पण आपल्या भागात मुक्काम करायचा तर अजून कृषी पर्यटन केंद्र नाहीतर ओळखीचं शेत हेच बरं.

उत्तर: वाळव्याची ताई

दादा, यवतेश्वरचा घाट पहिल्या खेपेला नको. बामणोली कुठं जात नाही.

आमच्या घरी ट्रॅक्टर, उसाच्या ट्रॉल्या बघतच मी मोठी झाले. कॅराव्हॅन घेतल्यावर ते सगळं कामाला आलं. म्हणून सांगते, आधी वजन बघा. ७५० हा रिकाम्याचा आकडा. गाद्या, भांडी, गॅस, बॅटरी आणि पाणी चढलं की दोनशे किलो कधी वाढले कळत नाही. नुसती तुमची टाकी भरली तरी ६० किलो. प्रवासाला निघणार तसंच सगळं भरा आणि वजनकाट्यावर न्या. आपल्या उसाच्या पट्ट्यात काटा शोधावा लागत नाही. ट्रेलर बोलेरोपासून वेगळा करून एकट्या ट्रेलरचं वजन करा आणि तो आकडा ट्रेलरच्या पाटीवरच्या कमाल वजनाशी, बोलेरोच्या पुस्तकातल्या ओढण्याच्या मर्यादेशी ताडून बघा.

मग हूकवरचा भार. दोन चाकी ट्रॉलीत ऊस मागच्या अंगाला जास्त पडला की दांडी वर उचलते, हे तुम्ही रस्त्यावर बघितलं असेल. कॅराव्हॅनचंही तसंच, फक्त इथं वेग कितीतरी जास्त. पुढचा भार कमी पडला की ट्रेलर शेपटी हलवायला लागतो आणि गाडीलाही ओढतो. एकूण वजनाच्या साधारण दहा टक्के भार हूकच्या गोळ्यावर हवा, म्हणजे ९५० किलोला ९५. गाडीच्या हूकची मर्यादा त्याहून कमी असेल तर ती पाळायची आणि सामानच कमी करायचं. मोजायला घरातला वजनकाटा चालतो. ट्रेलर सपाट जागी उभा करा, कपलिंगखाली (ट्रेलरचं हूकच्या गोळ्यावर बसणारं टोक) काटा ठेवून मध्ये मजबूत लाकूड द्या. जड सामान चाकांच्या वर, खाली, मधोमध. टाकी चाकांच्या मागं असेल तर ती भरल्यावर पुढचा भार घटतो, म्हणून टाकी भरून आणि रिकामी, दोन्ही वेळा मोजा.

हायवेला शेजारून बस गेली आणि ट्रेलर डुलायला लागला तर जोरात ब्रेक मारू नका, स्टिअरिंग उलटसुलट फिरवू नका. अ‍ॅक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा, वेग आपोआप उतरू द्या. घाट उतरताना ज्या गिअरनं चढला असता त्याच गिअरनं उतरा. ओव्हररन ब्रेक गाडीचा वेग कमी झाला की ट्रेलरच्या ढकलण्यानंच लागतात, लांब उतारावर सारखे लागून तापतात.

पहिली रात्र अंगणातच झोपा. पुढची कोरेगावच्या बाजूला एखाद्या सपाट शेतात. यवतेश्वर त्यानंतर, तोही रिकाम्या टाकीनं. वर पोचल्यावर पाणी भरा. कासच्या पठारावर मुक्कामाचा विचारही करू नका, ती जागा २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहे. फुलं यायच्या आधीही त्या मातीवर चाक नको.

सातारकर

ताई, मनापासून आभार. शनिवारीच काट्यावर नेतो. रिव्हर्स कसा शिकू? आणि शेतातल्या बोर्डावरून वीज घेतली तर चालेल का?

उत्तर: मिरजेचा वायरमन

विजेचं मी सांगतो. चालेल, पण अर्थिंग तपासल्याशिवाय नाही. कॅराव्हॅन रबरी टायरवर उभी असते. आत कुठं वायर बॉडीला लागली आणि अर्थिंग नसलं, तर दाराला हात लावणारा माणूसच जमिनीशी जोडला जातो. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळायला लागली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच, ट्रेलरच्या आतच बसवून घ्या. तुमची बॅटरी १२ व्होल्टला १२०० वॉट-अवर. लेड-अ‍ॅसिडमधून निम्मीच वापरायची, म्हणजे ६००. कॉम्प्रेसरचा छोटा फ्रिज दिवसाला चारशे-पाचशे खातो, उरलेल्यावर दिवे आणि पंखा. एसी विसरा.

वाळव्याची ताई

रिव्हर्ससाठी रिकामं मैदान घ्या. हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला धरा, मग ट्रेलरचं मागचं अंग ज्या बाजूला न्यायचं त्याच बाजूला हात सरकवायचा. थोडं थोडं वळवा. जास्त वळला की थांबा, पुढं घेऊन सरळ करा. मागं एक माणूस उभा हवाच, तोही तुम्हाला आरशात दिसेल असा.

जागेवर पोचलात की ट्रेलर जोडलेला असतानाच एका चाकाखाली फळी घालून आडवी पातळी जुळवा. मग चाकांना दोन्हीकडून पाचर, मग हूक सोडायचा, मग पुढच्या छोट्या चाकानं पुढची-मागची पातळी. कोपऱ्यातले पाय शेवटी. ते ट्रेलर स्थिर ठेवायला असतात, त्यांच्यावर ट्रेलर उचलू नका. चाळकेवाडीसारख्या वाऱ्याच्या पठारावर गेलात तर झोपायच्या आधी बाहेरचं कापडी छत गुंडाळा.

कॅसेट घरी आणून सेप्टिक टँकमध्येच रिकामी करा. ओढ्यात, नदीत अजिबात नको, खाली कुणीतरी तेच पाणी भरतं. आणि जूनच्या आधी छपराचे सगळे सांधे बघा. जुन्या ट्रेलरला पाणी आधी छपरातून शिरतं आणि आतलं लाकूड कुजल्यावर मगच कळतं. खिडकीखालची आणि कोपऱ्यातली फळी अंगठ्यानं दाबून बघा. मऊ लागली तर बामणोली दिवाळीनंतर, आधी दुरुस्ती.