अष्टाक्षरी अडली: करमळीचं तळं, जून आणि तलवार बदकं

प्रश्न: कविता अष्टाक्षरीत, म्हणजे चरणाला आठ अक्षरं. विषय गोव्यातलं करमळीचं तळं, जूनचा पाऊस आणि पक्षी बघणाऱ्याचं उतरतं वय. 'तलवार बदकं आली' हा चरण लंगडतोय. काय करू?

उत्तर १: नऊ अक्षरं झालीत, म्हणून. शिवाय हे बदक हिवाळी पाहुणं. जूनमध्ये ते दूर उत्तरेत विणीला असतं. त्यापेक्षा इथलं बारमाही बदक, अडई घ्या. 'अडईची शीळ आली', नेमकी आठ. उडताना ती खरंच शीळ घालते.

उत्तर २: उतरत्या वयासाठी पांढरे केस नकोत, फार वापरून झालेत! वयाबरोबर कानातून आधी बारीक, उंच स्वर जातात. फुलटोच्याची चिकचिक हरवते, भारद्वाजाचा घुमता हुंकार मात्र पोहोचतो. कडवं त्यावर बांधा.

उत्तर ३: यमक दुसऱ्या-चौथ्या चरणाला पुरे.