मदत हवी आहे: 'त्सुरिबाका निश्शी' बाबांसाठी मराठीत करतेय. 'तू' लिहू की 'तुम्ही'?

नमस्कार मंडळी,

मी नऊ वर्षं तोक्योत नोकरी करतेय. येत्या नोव्हेंबरात माझे बाबा तीन महिन्यांसाठी इकडे येतायत. ते यायच्या आत एका जपानी चित्रपटाच्या खाली मराठी ओळी लिहून ठेवायच्या, असं ठरवलंय. फक्त घरात बघण्यापुरत्या. काम अर्ध्यावर आलंय आणि एका जागी असं अडकलंय की पुढे सरकतच नाही.

चित्रपट आहे 'त्सुरिबाका निश्शी', म्हणजे मासे गरवायचं वेड लागलेल्या माणसाची रोजनिशी. मूळची ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथांची मालिका. १९७९ पासून 'बिग कॉमिक ओरिजिनल' या नियतकालिकात येतेय. लेखन जुझो यामासाकी यांचं, चित्रं केनइची कितामी यांची, आणि पुस्तकांचे खंड शंभराच्या वर गेलेत. पहिला चित्रपट डिसेंबर १९८८चा. तिथून २००९ पर्यंत एकूण बावीस आले. त्यातला एक तर चक्क एदो काळात (१६०३ ते १८६८) नेऊन ठेवलाय.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. हामासाकी देनसुके, म्हणजे हामा-चान, हा सुझुकी केनसेत्सू नावाच्या बांधकाम कंपनीत विक्री खात्यात आहे. शिकोकूतल्या ताकामात्सूहून बदली होऊन तोक्योच्या मुख्य कचेरीत येतो. बढतीची हौस नाही, सगळं लक्ष गळाकडे. एकदा दुपारी खाणावळीत त्याला एक एकटा, उतरलेल्या चेहऱ्याचा म्हातारा दिसतो. याला त्याची दया येते, गप्पा मारता मारता तो त्याला मासे गरवायला घेऊन जातो. तो म्हातारा, सू-सान, म्हणजे याच्याच कंपनीचा अध्यक्ष सुझुकी इचिनोसुके. हामा-चानला पत्ता नाही. पाण्यावर हा गुरू आणि मोठे साहेब शिष्य. कचेरीत मधे इतके मजले आणि इतक्या खुर्च्या की दोघांची गाठ पडायची नाही.

बाबा मागच्या वेळी आले होते तेव्हा टीव्हीवर हा पहिला भाग लागला होता. मी शेजारी बसून जमेल तसं तोंडी सांगत होते. खाणावळीच्या प्रसंगानंतर बाबा एकदम पुढे सरकून बसले. म्हणाले, "ह्येका म्हायत नाय तांच बरां." मग चित्रपट संपेपर्यंत मला मधे बोलू दिलं नाही. भाषा कळत नसताना नुसते चेहरे बघत राहिले.

त्याचं कारण मला घरी माहीत होतं. बाबा मालवणला एका सरकारी कचेरीत लिपिक होते. मी पाचवी-सहावीत असताना घाटावरून बदली होऊन एक साहेब आले. कुटुंब तिकडेच, इथे एकटेच राहायचे. रविवारी पहाटे ते बाबांबरोबर धक्क्यावर यायचे. त्यांना गरी, म्हणजे गळाचा आकडा, बांधता येत नव्हती. बाबा त्यांच्या हातातला तंगूस (गळाची दोरी) काढून घ्यायचे, दोन वेढे, एक गाठ, दातांनी टोक तोडायचे आणि परत हातात द्यायचे. "सोड, सोड, आता धर." हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. सोमवारी तेच बाबा फाईल घेऊन केबिनच्या दारात, "येऊ का साहेब?" साहेबांची बदली झाली तेव्हा ते जाताना बाबांचीच एक गरी मागून घेऊन गेले.

तर माझी अडचण ही. जपानीत 'तू' किंवा 'तुम्ही' न म्हणता अख्खा चित्रपट बोलता येतो. हामा-चान सू-सानशी मोकळं बोलतो, लाडानं, दरडावून, पण त्यात आपल्या 'तू'चा उर्मटपणा नाही. आणि 'सू-सान'मधला तो आदराचा 'सान' आहेच की. मराठीत मात्र क्रियापद तोंडातून बाहेर पडलं की नातं ठरून जातं. 'बस' म्हटलं तर आजोबांच्या वयाच्या माणसाला अरे-तुरे होतं. 'बसा' म्हटलं तर तो पहिल्याच प्रसंगात साहेब होऊन बसतो, आणि मग पुढे काय उघड होणार?

मी तीन तऱ्हा करून पाहिल्या. सगळीकडे 'तुम्ही' लिहिलं तर होडीतले प्रसंग बँकेच्या पत्रासारखे वाचले जातात. सगळीकडे 'तू' लिहिलं तर सू-सान झालेल्या, पासष्टीच्या रेन्तारो मिकुनींच्या चेहऱ्याखाली ते बघवत नाही. तिसऱ्या तऱ्हेत होडीत मालवणी आणि कचेरीत प्रमाण मराठी ठेवली. बाबांना हे फार आवडेल, पण हामा-चान शिकोकूतून आलेला. त्याला मालवणी दिली तर तो माणूसच बदलतो का, अशी भीती वाटते. जाणकारांनी सांगावं.

आणखी दोन शब्द अडलेत. 'हिरा-शाइन' म्हणजे कोणतंही पद नसलेला साधा नोकर. 'कारकून' बसत नाही, कारण तो विक्रीत आहे. 'साधा कर्मचारी' फार सरकारी वाटतं. विभागप्रमुख सासाकींना (केइ तानी यांनी काय सुरेख काम केलंय!) मी 'साहेब' म्हणतेय आणि अध्यक्षांना 'मोठे साहेब'. हे जमतंय असं वाटतं. दुसरा शब्द 'उकी', म्हणजे पाण्यावर तरंगणारा, मासा लागला की बुडणारा तुकडा. याला किनाऱ्यावर तुमच्याकडे काय म्हणतात? बाबांना विचारलं तर गुपित फुटेल.

चित्रपटांत हामा-चान झालेले तोशियुकी निशिदा २०२४च्या ऑक्टोबरमध्ये गेले. मिकुनी २०१३मध्येच गेले होते. २०१५मध्ये टीव्ही तोक्योवर ही गोष्ट मालिका म्हणून पुन्हा आली, तेव्हा गाकू हामादा हामा-चान झाला आणि निशिदा स्वतः सू-सान. बावीस चित्रपट ज्यानं शिष्याला गळ धरायला शिकवला, तो आता त्याच शिष्याच्या जागी. मालिका मी दोनदा पाहिली. बाबांना आधी हे सांगू की त्यांनी दोन्ही पाहिल्यावर त्यांचं त्यांना ओळखू दे?

*

भर, रात्री ११ वाजता:

सगळ्यांचे मनापासून आभार. इतक्या लवकर इतकी उत्तरं येतील असं वाटलं नव्हतं.

ज्यांनी "क्रियापदच टाळून बघा" असं लिहिलं, त्यांनी मला वाट दाखवली. 'त्सुरेता?' याचं मी 'मासा पकडलास का' करत होते. नुसतं 'लागला?' पुरे! 'जायचं का?', 'घ्यायची का थोडी?', 'भूक लागली?' यात कोणीच लहान-मोठं होत नाही. संध्याकाळी बसून चाळीस-एक ओळी अशा बदलल्या आणि होडी खरंच हलकी झाली.

काही ठिकाणी मात्र ते चालत नाही. शिकवताना हुकूम लागतोच. तिथे मी 'सोड, आता धर' असंच ठेवतेय, धक्क्यावर ऐकलेलं. म्हणजे फक्त गळ हातात असताना 'तू'. गळ खाली ठेवला की पुन्हा नाव नसलेली, 'तू' नसलेली वाक्यं.

'उकी'साठी 'बूच' सुचवणारे दोघे आहेत. बाबांच्या तोंडी कोणता शब्द होता ते आठवत नाहीये. आईला गुपचूप विचारते.

सू-सानची खरी ओळख कळल्यानंतर हामा-चान त्याच्याशी जे पहिल्यांदा बोलतो, ती ओळ अजून कोरीच आहे. 'तुम्ही' लिहिलं तर मैत्री तुटली असं वाटेल, 'तू' लिहिलं तर त्याला काही कळलंच नाही असं. कुणाला सुचलं तर इथेच लिहा. बाबांचं विमान नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आहे.